पुन्हा पुन्हा थरथरणारा ब्रेक : निदान आणि प्रतिबंध

वैद्यक व्यावसायिकांच्या स्मरणिकेत मोटारीच्या ब्रेकवर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी हे आपले नेहमीचे विषय. परंतु आपल्यापैकी बहुतेक जण स्वतः गाडी चालवतात, अपरात्री रुग्णाच्या घरी जातात, आणि बेळगावकर असल्यामुळे वर्षातून चार-सहा वेळा तरी चोर्ला किंवा आंबोली घाट उतरतात. शिवाय प्रस्तुत विषयात आपल्या व्यवसायाला लागू पडणारे एक जुने तत्त्व आहे : जे दुखणे उपचारानंतर ठरावीक काळाने पुन्हा उद्भवते, त्याचे निदान बहुधा अपुरे राहिलेले असते. हे तत्त्व मी रुग्णांच्या बाबतीत अनेकदा पाळले आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत दोन वर्षे विसरलो. त्याची हकीकत प्रथम सांगतो.

पूर्वेतिहास

सप्टेंबर २०१६ मध्ये माझ्या गाडीत एक नवीन लक्षण दिसू लागले. ताशी ७०-८० किलोमीटर वेग असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरू लागे. गॅरेजमध्ये सांगण्यात आले, "डिस्क वाकली आहे, लेथवर घासून घेऊ." तसे केले आणि थरथर गेली. पाच महिन्यांत ती परत आली. या वेळी पुढच्या दोन्ही डिस्क नव्या टाकल्या. पुन्हा काही महिने सुखाचे गेले आणि त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास तक्रार जशीच्या तशी उभी राहिली. नव्या डिस्कही लेथवर गेल्या. प्रत्येक खेपेस मधले अंतर साधारण आठ हजार किलोमीटरचे होते. एखाद्या रुग्णाचा ताप दर तिसऱ्या दिवशी चढू लागला, तर आपण त्या नियमितपणालाच लक्षण मानून विचार करू लागतो. येथे मात्र मी केवळ बिल दिले.

मे २०१८ मध्ये आम्ही गोव्याला निघालो. गाडीत पत्नी, आई आणि दोन्ही मुले होती, मागे भरपूर सामान होते. थरथर पुन्हा सुरू झाली होती. सुट्टीनंतर पाहू, असे मी ठरवले होते. चोर्ल्याहून उतरताना पुढे एक ट्रक होता, मी वरच्या गिअरमध्ये होतो आणि पाय जवळजवळ सतत ब्रेकवर होता. घाटाच्या खालच्या भागात डाव्या चाकाकडून जळकट वास आला आणि पुढच्याच वळणावर पेडल माझ्या पायाखाली स्पंजासारखे दबत थेट तळाला गेले. गाडीचा वेग कमी होईना. दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढून, डोंगराच्या बाजूची मोकळी जागा पाहून मी गाडी कशीबशी थांबवली. आई मागून विचारत होती, "का रे, इथे का थांबलास?" तिला मी काय झाले ते सांगितले नाही.

अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत कडक झाले होते, जणू काही घडलेच नव्हते. हा भाग वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा. तपासणीच्या वेळी लक्षण नाहीसे झालेले असणे, ही रोग नसल्याची खूण नव्हे.

ब्रेक म्हणजे उष्णतेचे यंत्र

डिस्क ब्रेकची रचना सोपी आहे. चाकाबरोबर बिडाची एक गोल चकती फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे पॅड असतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पॅडना चकतीवर दाबतो आणि गाडीची गती उष्णतेत रूपांतरित होते. ब्रेकने गती "नाहीशी" होत नाही, ती ताप होऊन डिस्कमध्ये साठते आणि तेथून हवेत जाते.

हा ताप किती, याचा हिशेब उद्बोधक आहे. माणसांसह १२०० किलो वजनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबवली, तर सुमारे २४० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तेवढ्या उष्णतेत पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. हीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा मुक्त होते, ती अशा चोवीस थांब्यांइतकी भरते. हवेचा आणि रस्त्याचा विरोध त्यातला काही भाग उचलतो. इंजिनला आपण काम दिले नाही, तर उरलेला सारा भार चार चाकांच्या ब्रेकवर, आणि त्यातही मुख्यत्वे पुढच्या दोन डिस्कवर पडतो.

"डिस्क वाकली" : एक सोयीचे निदान

ब्रेक दाबताना थरथर झाली की "डिस्क वाकली" असे म्हणण्याची पद्धत आहे. अतिशय तापून डिस्क खरोखर वेडीवाकडी होणे शक्य असले, तरी रस्त्यावरच्या नेहमीच्या गाडीत हे क्वचितच घडते. बहुतेक वेळा दोष असतो तो जाडीतील असमानतेचा. चकती एका ठिकाणी किंचित जाड आणि दुसऱ्या ठिकाणी किंचित पातळ झालेली असते. जाड भाग पॅडमधून जाताना पकड वाढते, पातळ भाग जाताना ती कमी होते. प्रत्येक फेऱ्यात हे घडते आणि ते आपल्याला थरथर म्हणून जाणवते. हा फरक किती सूक्ष्म असतो? मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ०.०२ मि.मी. फरकदेखील स्टिअरिंगवर जाणवू शकतो. आपला केस त्याहून कितीतरी जाड असतो. म्हणून डोळ्यांनी पाहून किंवा बोटाने चाचपून या दोषाचे निदान होत नाही.

ही असमानता मुख्यतः दोन मार्गांनी येते.

पहिला मार्ग झिजेचा. डिस्क चाकाच्या हबवर बसते. ती हबवर अगदी सपाट बसली नाही, तर फिरताना बाजूला किंचित डुलते. अशा वेळी ब्रेक दाबलेला नसतानाही चकतीचा बाहेर आलेला भाग दर फेऱ्यात पॅडला हलकासा घासून जातो. लहान गाडीचे चाक एका किलोमीटरला सुमारे ५०० फेरे घेते. म्हणजे पाच हजार किलोमीटरमध्ये तोच तो भाग पंचवीस लाख वेळा घासला जातो आणि तेथे चकती पातळ होते. नव्या डिस्कवर पहिले काही महिने सारे सुरळीत का असते आणि ठरावीक अंतराने तक्रार परत का येते, याचे उत्तर येथे आहे. नवी डिस्क बसवली त्या दिवशी जाडी सारखी असते, मात्र डुलणे त्याच दिवसापासून सुरू झालेले असते.

दुसरा मार्ग थराचा. डिस्क फार तापलेली असताना गाडी थांबवून ब्रेक दाबूनच धरला, तर पॅडचे द्रव्य तेवढ्याच जागी चिकटते आणि पॅडच्या आकाराचा ठसा उमटतो. पुढे त्या जागी घर्षण आणि ताप अधिक होतो. तापमान सुमारे ७०० अंश सेल्सिअसकडे गेले, तर बिडामध्ये सिमेंटाइट नावाचा अतिशय कठीण पदार्थ तयार होतो. तो भाग भोवतालच्या धातूपेक्षा सावकाश झिजतो आणि उंचवटा होऊन राहतो. लेथवर वरचा थर काढला तरी कठीण झालेला भाग आत शिल्लक राहू शकतो, त्यामुळे असा डाग पुन्हा डोके वर काढतो. अशी डिस्क घासण्यापेक्षा बदलणेच योग्य.

मूळ कारण कोठे होते?

घाटातील प्रसंगानंतर माझ्या एका जुन्या रुग्णाने गाडी पाहतो म्हणून सांगितले. उद्यमबागेतील कारखान्यात त्यांचे सारे आयुष्य लेथवर गेलेले. ते आपला डायल गेज घेऊन आले. चाक आणि डिस्क काढून त्यांनी हबकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, डिस्क तीन वेळा बघितली सगळ्यांनी. ती बसते ती जागा कोणी बघितली?"

डाव्या हबवर गंजाचा पापुद्रा होता. बोटाच्या नखाने निघेल एवढाच. पण हबवरची अशी कमी-अधिक जाडी चकतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचताना दीडपटीहून अधिक होते, कारण चकतीचा व्यास हबपेक्षा मोठा असतो. बहुतेक गाड्यांत डुलण्याची मर्यादा ०.०५ ते ०.१ मि.मी.च्या आसपास असते. माझ्या डाव्या डिस्कचे डुलणे त्याहून बरेच अधिक निघाले.

दुसरा दोष त्याच चाकाच्या कॅलिपरमध्ये होता. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांपैकी एका पिनेचे रबरी टोपण फाटून आत पाणी गेले होते आणि पीन गंजून अडकली होती. त्यामुळे पाय काढल्यावरही एक पॅड चकतीला चिकटून राही आणि ते चाक नेहमीच तापलेले असे.

तिसरा दोष ब्रेक ऑइलचा. गाडी घेतल्यापासून ते बदललेलेच नव्हते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २०५ अंश आणि सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर १४० अंश सेल्सिअस धरला जातो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात माझ्या डाव्या कॅलिपरमधील ऑइल उकळले आणि वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल तळाला गेले. अर्ध्या तासात वाफ निवली आणि पेडल परत कडक झाले.

दोन वर्षे जी थरथर मी प्रत्येक वेळी बंद करवून घेत होतो, ती त्या डाव्या चाकाची तक्रार होती. तिच्याबरोबर चाक तापते आहे का, हे कोणी पाहिले असते, तर घाटातला प्रसंग आलाच नसता. दोष केवळ गॅरेजचा नव्हता. मीही दर खेपेस एवढेच विचारले होते की, "थरथर थांबेल ना?"

निदानाची पद्धत

आपल्या परिचित क्रमानेच जाऊ : विचारपूस, तपासणी आणि मग चाचण्या.

विचारपूस. थरथर केवळ ब्रेक दाबतानाच होते, की एरवीही? ब्रेक न दाबता ठरावीक वेगाला स्टिअरिंग हलत असेल, तर संशय टायर किंवा व्हील बॅलन्सिंगवर घ्यावा. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. आसन आणि पेडल थरथरत असेल आणि स्टिअरिंग स्थिर असेल, तर मागची चाके पाहावीत. वेग कमी होताना थरथरीची गतीही कमी होत जात असेल, तर तिचा संबंध चाकाच्या फेऱ्यांशी आहे. गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढत असेल, तर दोन्ही बाजूंची पकड सारखी नाही. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यावर पेडल पायाखाली कटकट करत असेल, तर ते एबीएस यंत्रणेचे स्वाभाविक काम आहे, तो रोग नव्हे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : यापूर्वी काय उपचार झाला आणि किती किलोमीटरने तक्रार परतली?

तपासणी. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा, स्पर्श करू नये. एखादे चाक त्याच्या जोडीदारापेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेले असेल, तर तेथे ब्रेक चिकटतो आहे. चाक उचलून हाताने फिरवावे, ते मोकळे फिरते का आणि बेअरिंगमध्ये खेळ आहे का, हे पाहावे. पॅड काढून आतला आणि बाहेरचा पॅड सारखा झिजला आहे का, हे पाहावे. एकच पॅड झिजलेला असेल, तर पीन किंवा पिस्टन अडकलेला असण्याचा संभव मोठा. पिनांबरोबर जुना रबरी ब्रेक पाइपही तपासावा. तो आतून फुगून बंद होऊ लागला, तर दाब सुटत नाही आणि बाहेरून काही दिसतही नाही.

चाचण्या. मायक्रोमीटरने चकतीची जाडी परिघावर आठ ठिकाणी मोजावी आणि किमान जाडीशी ताडून पाहावी. ती बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्यानंतर डिस्क नटांनी घट्ट बसवून, कडेपासून सुमारे १० मि.मी. आत डायल गेज टेकवून चकती सावकाश फिरवावी आणि डुलणे मोजावे. डुलणे अधिक आढळल्यास डिस्क काढून, हब साफ करून, ती एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजावे. दोष डिस्कबरोबर सरकला तर तो डिस्कचा, जागेवरच राहिला तर हबचा. या साऱ्याला फार तर तासभर लागतो.

उपचार

हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत साफ करावा. पिना काढून, पुसून, ब्रेकसाठी असलेलेच ग्रीस लावून नवी रबरी टोपणे घालावीत. साधे ग्रीस रबराला फुगवते. डिस्क बदलायची झाल्यास दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात आणि पॅडही नवे घालावेत. किमान जाडीच्या जवळ आलेली डिस्क घासू नये. पातळ डिस्क कमी उष्णता साठवते आणि लवकर तापते. सुट्या लेथवर घासलेली डिस्क स्वतःपुरती सरळ होते, पण ती गंजलेल्या हबवर बसवली की पुन्हा डुलू लागते, म्हणून घासल्यानंतर गाडीवर बसवून मोजणे आवश्यक आहे.

चाकाचे नट हा स्वतंत्र विषय आहे. अनेक गाड्यांत डिस्क हब आणि चाक यांच्यामध्ये दाबली जाते आणि तेच नट तिला धरून ठेवतात. एअर गनने एक नट फार आणि दुसरा कमी आवळला, तर डिस्कवर विषम ताण येतो. नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आणि शेवटी टॉर्क रेंचने आवळावेत. लहान गाड्यांत हा आकडा साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. पंक्चर काढल्यानंतरही हे पथ्य पाळावे, कारण नीट केलेले काम तेथेच बिघडते.

नव्या पॅड-डिस्कची जोडी जुळवून घ्यावी लागते. पॅड बनवणाऱ्याची वेगळी सूचना नसेल, तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, दरवेळी अर्ध्या मिनिटाची उसंत द्यावी, पूर्ण थांबू नये. शेवटी काही किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवून निववावी. यामुळे पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो.

प्रतिबंध

१. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. आपल्याकडील पावसाळा पाहता यात सवलत घेऊ नये.

२. पावसाळा संपल्यावर एकदा चाके काढून पिना, रबरी टोपणे आणि हब पाहून घ्यावेत. पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर येणारा तांबूस गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची चिंता नको. मात्र गाडी आठवडेच्या आठवडे ओलीत उभी ठेवू नये.

३. घाट उतरल्याबरोबर गरम चाकांवर पाणी मारू नये.

४. घाट उतरून नाक्यावर थांबताना तापलेला ब्रेक दाबून धरू नये. सपाट जागी गाडी थांबल्यावर गिअर आणि हँडब्रेकवर ठेवावी आणि पाय काढावा.

५. उतारावर ज्या गिअरने चढलो असतो, साधारण त्याच गिअरने उतरावे. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा काही क्षण नीट दाबून वेग कमी करावा आणि मग पूर्ण सोडावा, म्हणजे डिस्कला निवण्यास अवधी मिळतो. गाडी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरवणे प्राणघातक ठरू शकते.

६. पेडल मऊ लागले, तर ते भराभर पंप करावे, खालचा गिअर टाकावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. तारेने चालणारा हँडब्रेक ऑइलवर अवलंबून नसतो. थांबल्यावर पेडल परत कडक झाले, तरी तशीच गाडी पुढे नेऊ नये.

माझ्या गाडीच्या दुरुस्तीला त्या वेळी दोन रबरी टोपणे, ग्रीस, ब्रेक ऑइल, नवे पॅड आणि डिस्कची एक जोडी एवढेच लागले. त्यानंतर मी ती गाडी आणखी चार वर्षे चालवली आणि थरथर परतली नाही. त्या गृहस्थांनी पैसे घेण्याचे नाकारले. जाताना त्यांनी एवढेच विचारले, "मागच्या वर्षी माझा खोकला तीनदा परतला, तेव्हा तुम्ही तिसऱ्यांदा तेच औषध दिलं होतं का?" दिले नव्हते. मी त्यांना छातीचा एक्स-रे काढायला पाठवले होते. त्या दिवसापासून गाडी गॅरेजमध्ये देताना "काय झालंय?" याच्या जोडीला "कशामुळे झालंय?" हा प्रश्न मी विचारतो, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत घाटाचा रस्ता धरत नाही.